रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसत नाही

प्रश्न असा होता: यजमान देशात मानवी हक्क पायदळी तुडवले जात असतील, तर बाकीच्या देशांच्या राजकीय नेत्यांनी तिथल्या ऑलिंपिकवर किंवा विश्वचषकावर बहिष्कार टाकावा का? त्याने काही फरक पडतो, की तो नुसता देखावा?

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. नेत्याने जाऊ नये. पण बहिष्कार त्याच्या स्वतःच्या खुर्चीपुरता असावा, खेळाडूंना त्यात ओढू नये. आणि जायचं नाही तर का नाही, हे वेळेत आणि मोकळेपणी सांगावं. तोंड न उघडता घरी बसण्याला मी बहिष्कार म्हणत नाही.

माझी सगळी नोकरी राजशिष्टाचाराच्या कामात गेली. कोण कुठे बसणार, कोणाच्या शेजारी कोण नको, कोणाची गाडी कुठल्या फाटकाने आत येणार, हेच आमचं रोजचं काम. बाहेरच्याला ते हास्यास्पद वाटतं आणि बऱ्याचदा ते असतंही. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बसण्याच्या तक्त्यातच आहे.

बहिष्कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं: भरगच्च स्टेडियम, मान्यवरांचा कक्ष आणि त्यात एकच रिकामी खुर्ची, जिच्याकडे सगळं जग बघतंय. असं कधी होत नाही. मोठ्या समारंभात खुर्ची रिकामी राहूच देत नाहीत. नकार कळला की त्या रांगेतल्या नावाच्या चिठ्ठ्या एकेक जागा पुढे सरकतात. ऐन वेळी कोणी आलंच नाही, तर दाराशी सुटाबुटातली चार-पाच माणसं त्यासाठीच उभी केलेली असतात, त्यातला एक जण जाऊन बसतो. अशा सरकवलेल्या चिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने लावल्या आहेत, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. बरं, प्रक्षेपणही आयोजकांच्याच व्यवस्थेतलं. संचलनात एखाद्या देशाचा संघ आत आला की कॅमेरा त्या देशाच्या नेत्याकडे वळतो, नेता उठून हात हलवतो. नेता नसेल तर कॅमेरा खेळाडूंवरच राहतो. घरी बघणाऱ्याला काही कमी असल्याचं जाणवतसुद्धा नाही.

म्हणजे गैरहजेरी आपोआप दिसत नाही, ती सांगावी लागते. आणि तिथेच बहुतेक सरकारांची जीभ अडखळते.

नकाराच्या पत्राचा एक ठरलेला साचा असतो. ‘पूर्वनियोजित कार्यक्रमांमुळे उपस्थित राहणे शक्य होणार नाही, स्पर्धेस हार्दिक शुभेच्छा.’ एकदा अशाच एका पत्राचा पहिला मसुदा मी लिहिला, त्यात ‘आपल्या देशातील अटकसत्राबद्दल वाटणाऱ्या चिंतेमुळे’ असे शब्द होते. मसुदा वरून परत आला तेव्हा ‘अटकसत्र’ खोडून ‘परिस्थिती’ केलेलं होतं. दुसऱ्या फेरीत ‘चिंता’ गेली. तिसऱ्या मसुद्यात शुभेच्छा तेवढ्या उरल्या. आठवड्याभराने यजमानांचं आभाराचं पत्र आलं, आणि ते अगदी मनापासून लिहिलेलं होतं. आमच्या साहेबांनी मात्र पुढे एका मुलाखतीत ‘आम्ही तेव्हा भूमिका घेतली होती’ असं सांगितलं. कोणासमोर घेतली, हे त्यांनाच ठाऊक.

मोठे देशही यात मागे नाहीत. 2008 च्या मार्चमध्ये तिबेटमध्ये दडपशाही झाली आणि बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जायचं की नाही, यावर युरोपात महिनोन् महिने चर्चा चालली. जर्मनीच्या अँगेला मर्केल गेल्या नाहीत. पण त्यांचं जाणं मुळात ठरलेलंच नव्हतं, असा सरकारी खुलासा होता. ब्रिटनचे गॉर्डन ब्राऊन उद्घाटनाला नव्हते, समारोपाला होते, कारण पुढचं ऑलिंपिक लंडनला होतं. फ्रान्सच्या सार्कोझींनी आधी अटी घालून पाहिल्या आणि शेवटी ते उद्घाटनालाच जाऊन बसले. 2021 च्या डिसेंबरमध्ये जपानने तर कमालच केली. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला मंत्री पाठवायचे नाहीत असं ठरवलं, पण ‘बहिष्कार’ हा शब्द मात्र वापरला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या आयोजन समितीच्या अध्यक्षा सेइको हाशिमोतो गेल्या, त्या स्वतः संसद सदस्य. ज्याला रागवायचं होतं त्याला राग दिसला, ज्याला मैत्री हवी होती त्याला मैत्री दिसली. मसुदा म्हणून मी त्याला दाद देतो, पण मानवी हक्कांच्या खात्यात त्यातून काही जमा झालं नाही.

आता दुसरं टोक, नेत्याने खेळाडूंनाच घरी बसवण्याचं. 1980 चं मॉस्को. सोव्हिएत फौजा 1979 च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी जानेवारीत एका महिन्याची मुदत दिली, फौजा मागे घेतल्या नाहीत तर आम्ही येणार नाही म्हणून. मुदत टळली, अमेरिका गेली नाही, आणि साठाहून अधिक देश मॉस्कोत दिसले नाहीत. अनिता डीफ्रांट्झ या नौकानयनपटूने काही खेळाडूंना सोबत घेऊन आपल्याच देशाच्या ऑलिंपिक समितीवर दावा लावला आणि तो हरली. तिच्याकडे 1976 चं कांस्यपदक होतं. ऐन भरातल्या खेळाडूला चार वर्षं थांब म्हणणं म्हणजे काय, हे मंत्र्याला समजावून सांगणं कठीण असतं, कारण मंत्र्याची कारकीर्द चाळिशीनंतर सुरू होते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून पूर्ण बाहेर पडल्या 1989 च्या फेब्रुवारीत. आणि 1984 मध्ये लॉस एंजेलिसला सोव्हिएत गटाने परतफेड केली, तेव्हा आणखी एका पिढीचं नुकसान झालं.

जाता जाता एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. भारतीय हॉकीचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण त्याच मॉस्कोतलं आहे. अंतिम सामन्यात स्पेनला 4-3 हरवलं ते खरं, पण पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान आलेच नव्हते. पदकाची किंमत मी कमी करत नाही. पण बहिष्काराच्या सावलीत जिंकणाऱ्याच्या पदकालाही हा ‘पण’ कायमचा चिकटतो.

मार्गारेट थॅचर यांचाही बहिष्काराचा आग्रह होता. ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेने तो जुमानला नाही आणि संघ पाठवला. सेबॅस्टियन को याने 1500 मीटर जिंकली तेव्हा ब्रिटनच्या झेंड्याऐवजी ऑलिंपिकचा ध्वज चढला, ऑलिंपिकचं गीत वाजलं. सरकारला आपला निषेध नोंदवता आला आणि धावणाऱ्याला धावता आलं. मला हा तोडगा आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, जरी तो थॅचरबाईंच्या इच्छेविरुद्ध निघालेला असला तरी.

इथे हमखास कोणीतरी दक्षिण आफ्रिकेचं नाव काढतं, आणि काढायलाच हवं. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा क्रीडाबहिष्कार खेळाडूंच्या जिवावरच उभा होता. 1974 मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. अमृतराज बंधू ऐन फॉर्मात होते. भारताने सामना सोडून दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेने न खेळता नेला. 1976 मध्ये न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळला म्हणून वीसहून अधिक देशांनी, बहुतेक आफ्रिकी, माँट्रियल ऑलिंपिक सोडलं. 1500 मीटरचा विश्वविक्रम तेव्हा टांझानियाच्या फिल्बर्ट बायीच्या नावावर होता. तो धावलाच नाही, आणि सुवर्ण कोणाला मिळालं? न्यूझीलंडच्या जॉन वॉकरला. नियतीला कधीकधी असा खवचटपणा सुचतो.

मग तो बहिष्कार मला का पटतो आणि मॉस्कोचा का नाही? एक तर मागणी आतून आलेली होती. दक्षिण आफ्रिकेतलेच कृष्णवर्णीय खेळाडू आणि त्यांच्या संघटना सांगत होत्या की आमच्या देशाशी खेळू नका. ‘असामान्य समाजात सामान्य खेळ असू शकत नाही’ ही हसन हावा यांची घोषणा केपटाऊनमधली, वॉशिंग्टनमधली नव्हे. दुसरं म्हणजे अन्याय खेळातच होता: संघनिवड कातडीच्या रंगावर होत होती, त्यामुळे खेळावरचा घाव नेमका लागत होता. आणि तिसरं, ते एका स्पर्धेपुरतं नव्हतं. 1964 च्या टोकियोपासून दार बंद झालं, 1970 मध्ये ऑलिंपिक चळवळीतून हकालपट्टी झाली, 1977 मध्ये राष्ट्रकुल देशांनी दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध न ठेवण्याचा ग्लेनईगल्सचा करार केला, आणि ते दार 1991-92 पर्यंत उघडलं नाही. तीस वर्षं नेटाने धरून ठेवायची ताकद असेल तर खेळाडूंकडे त्याग मागावा. पंधरा दिवसांच्या बातमीसाठी मागू नये.

नेते जबाबदारी कशी खाली ढकलतात, याचा नमुना क्रिकेटमध्येच सापडेल. 2003 च्या विश्वचषकात इंग्लंडचा एक सामना झिम्बाब्वेत, हरारेला होता. रॉबर्ट मुगाबे यांची राजवट काय करत होती हे उघड होतं. ब्रिटिश सरकार म्हणालं की संघाने जाऊ नये असं आम्हाला वाटतं, पण निर्णय क्रिकेट मंडळाचा, आणि नुकसानभरपाई आम्ही देणार नाही. मंडळ खेळाडूंकडे बघत बसलं. कर्णधार नासिर हुसेन आणि त्याचे सहकारी केपटाऊनच्या हॉटेलात दिवसचे दिवस बैठका घेत राहिले. शेवटी ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ सामना सोडला, गुण गेले आणि संघ पुढच्या फेरीत पोहोचला नाही. मानवी हक्क हा शब्द अधिकृत कारणात नव्हताच. त्याच आठवड्यात, त्याच हरारेत, अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा हे झिम्बाब्वेचे दोघे दंडाला काळी पट्टी बांधून नामिबियाविरुद्ध मैदानात उतरले आणि आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे, असं त्यांनी लेखी सांगितलं. ओलोंगाला देश सोडावा लागला. त्या विश्वचषकातलं मला आज आठवतं ते या दोघांचं जाऊन बोलणं. इंग्लंडचं न जाणं आठवायला मला वेळापत्रक काढावं लागतं.

‘मग नेत्यानेही जाऊन बोलावं की’, असं तुम्ही म्हणाल. करून पाहिलंय. जॉर्ज बुश 2008 मध्ये बीजिंगला गेले. जाण्याआधी त्यांनी चिनी असंतुष्टांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, बँकॉकमध्ये चीनच्या मानवी हक्कांवर भाषण केलं, बीजिंगमध्ये चर्चलाही गेले. तेवढ्यात काय घडत होतं बघा. चिनी सरकारने ऑलिंपिकच्या काळात निदर्शनांसाठी तीन उद्यानं राखून ठेवली होती. परवानगीसाठी 77 अर्ज आले, मंजूर एकही झाला नाही. अर्ज करायला गेलेल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन म्हाताऱ्यांना ‘श्रमाद्वारे पुनर्शिक्षणा’ची एक वर्षाची शिक्षा फर्मावली गेली, पुढे बोभाटा झाल्यावर ती मागे घेतली. डिसेंबरमध्ये लोकशाहीची मागणी करणारे लेखक लिऊ शियाओबो यांना पकडलं. पाहुणा नेता जे बोलतो ते त्याच्या घरच्या मतदारांसाठी असतं, आणि यजमान जे चित्र टिपतो ते स्वतःच्या मतदारांसाठी, किंवा जिथे मतदार नसतात तिथे प्रजेसाठी. या सौद्यात यजमान नेहमी फायद्यात राहतो. 1978 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीचे प्रमुख विदेला मान्यवरांच्या कक्षात टाळ्या वाजवत होते, आणि ब्वेनोस आयर्समधल्या मुख्य स्टेडियमपासून जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरवर नौदलाच्या शाळेत माणसांचा छळ चालू होता. प्रेक्षकांचा जल्लोष कैद्यांना ऐकू येत होता. अशा कक्षात कोण कोणाशी काय बोललं याला काही अर्थ नाही. तिथे बसणं हेच बोलणं असतं.

दबाव कधी चालतो याचं माझं निरीक्षण असं: स्पर्धेच्या आधीचे काही महिने, आणि समारोपाच्या रात्रीपर्यंत. त्यानंतर शून्य. सोची 2014 घ्या. रशियाने 2013 मध्ये समलैंगिकतेच्या तथाकथित प्रचाराविरुद्ध कायदा केला. पुढे अनेक बड्या पाश्चात्त्य नेत्यांनी सोचीला जाणं टाळलं. ओबामांनी शिष्टमंडळात उघडपणे समलैंगिक असलेल्या टेनिसपटू बिली जीन किंग यांचं नाव घातलं, संदेश कोणालाही कळावा असा. डिसेंबर 2013 मध्ये पुतिन यांचे विरोधक उद्योगपती खोदोर्कोव्स्की तुरुंगातून सुटले, पुसी रायट या निषेधगीतं गाणाऱ्या गटाच्या दोघी सुटल्या. ऑलिंपिक तोंडावर होतं म्हणून सुटले, यात मला तरी शंका नाही. समारोप झाला 23 फेब्रुवारीला, आणि त्याच आठवड्यात क्रिमियात बिनचिन्हांच्या गणवेशातले सैनिक दिसू लागले.

2022 च्या बीजिंगची गोष्ट याहून कडू आहे. शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिमांवरच्या दडपशाहीच्या प्रश्नावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी राजनैतिक बहिष्कार जाहीर केला. या वेळी कारण स्पष्ट सांगितलं होतं आणि खेळाडू गेले होते, म्हणजे माझ्या निम्म्या अटी पाळल्या होत्या. यजमानांनी काय केलं? ज्योत पेटवायला उइगुर स्कीपटू दिनिगेर यिलामुजियांगला पुढे केलं. रिकाम्या झालेल्या जागेत पुतिन बसले. युक्रेनचा संघ आत आला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले दिसले, आणि वीस दिवसांनी त्यांच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. बहिष्काराचा चीनवर काय परिणाम झाला? धोरणात काहीच नाही. पण त्या मैफिलीच्या छायाचित्रात आपला माणूस नाही, ही त्या चार देशांची कमाई उरली. ती लहान आहे, तरी खोटी नाही.

भारताने त्याच स्पर्धेत जे केलं त्याची आठवण लोक मानवी हक्कांच्या यादीत करून देतात, ते चुकीचं आहे. तो मुद्दा गलवानचा होता. ज्योतवाहकांत गलवानच्या संघर्षातला चिनी अधिकारी दिसला, तेव्हा बीजिंगमधल्या आपल्या दूतावासाचे प्रभारी प्रमुख उद्घाटन-समारोपाला जाणार नाहीत, असं जाहीर झालं आणि दूरदर्शनने दोन्ही समारंभ थेट दाखवले नाहीत. आरिफ खान, आपला एकमेव खेळाडू, तिरंगा घेऊन चालला. कारण सांगितलं, खेळाडूला अडवलं नाही, दोन्ही बाबी चोख. मात्र त्याच्या दोन-अडीच महिने आधी रशिया-भारत-चीन यांच्या संयुक्त निवेदनात बीजिंगच्या आयोजनाला आपला पाठिंबा नोंदलेला होता, हेही त्याच फायलीत आहे.

आणि कतार. तिथे मला दोन दृश्यं शेजारी ठेवावीशी वाटतात. 23 नोव्हेंबर 2022, जर्मनी विरुद्ध जपान. कर्णधारांनी भेदभावाविरुद्धची ‘वन लव्ह’ची पट्टी बांधली तर पिवळं कार्ड मिळेल, असा दम फिफाने भरलेला. जर्मनीच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो यांच्या शेजारी बसल्या, जॅकेट काढलं, आत दंडावर तीच पट्टी. वृत्तछायाचित्र म्हणून अप्रतिम. मग 29 नोव्हेंबर, सहाच दिवसांनी: जर्मनीला 2026 पासून 15 वर्षं दरसाल 20 लाख टनांपर्यंत द्रवरूप वायू पुरवण्याचा करार कतारने जाहीर केला. गॅस घेऊ नये असं मी म्हणत नाही, त्या हिवाळ्यात जर्मनीची अडचण खरी होती. पण यजमानाने दोन्ही कागद वाचलेले असतात, आणि कुठला कागद भारी हे त्याला बरोबर कळतं.

कतारमध्ये जे थोडंफार बदललं ते कोणाच्या खुर्चीने बदललं नाही. कामगार संघटनांनी 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गुदरली, 2018 मध्ये त्या संघटनेचं कार्यालय दोह्यात उघडलं, 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाचा ना-हरकत दाखला लागण्याची अट गेली, पुढच्या वर्षी 1000 रियालचं किमान वेतन लागू झालं. अंमलबजावणीत भोकं आहेत आणि मेलेल्या मजुरांच्या कुटुंबांचा हिशेब अजून व्हायचा आहे. तरी एवढं मिळालं, कारण नेमकं काय हवं ते कागदावर मांडलं होतं आणि आठ वर्षं हातात होती.

म्हणून कोणी मंत्री मला विचारेल तर मी असं सांगेन. निर्णय किमान सहा महिने आधी जाहीर करा. सोबत तुमची मागणी लिहा, ती मोजता येईल अशी हवी: अमुक माणसाची सुटका, अमुक कायद्यातलं अमुक कलम, निरीक्षकांना अमुक ठिकाणी प्रवेश. ती पूर्ण झाली तर आम्ही येऊ, असंही लिहा. परत येण्याची वाट ठेवलेली नसेल तर समोरच्याला हलायचं कारणच उरत नाही. तुमच्या ऐवजी खालच्या दर्जाचा माणूस पाठवू नका, तो गेला की चिठ्ठी फक्त एक जागा सरकते. खेळाडूंना निरोप द्यायला विमानतळावर मात्र जरूर जा. आणि त्या देशातल्या ज्या माणसांसाठी हे सगळं चाललंय असं तुम्ही म्हणता, त्यांना आधी विचारा. कधीकधी ते ‘या आणि आम्हाला भेटा’ असं सांगतात. मग त्यांना भेटायला जा, स्टेडियमची पायरी चढू नका.

हे सगळं करूनही उशीर झालेलाच असतो, कारण यजमानपद कित्येक वर्षं आधी दिलेलं असतं. 11 डिसेंबर 2024 ला 2034 चा पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक सौदी अरेबियाला देण्यात आला. उमेदवार एकच होता. नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेने प्रक्रियेवर लेखी आक्षेप नोंदवला. मतदान झालं नाही. फिफाच्या सदस्य संघटना 211, सभा व्हिडिओवर, आणि मंजुरी घेतली गेली ती पडद्यासमोर टाळ्या वाजवून. ज्या देशांत 2034 साली नेत्यांनी जावं की नाही यावर वाद झडतील, त्यांपैकी बहुतेकांचे प्रतिनिधी त्या दिवशी त्या पडद्यावर होते.